बास्केटबॉलपटू टिम डंकनला ‘बोअरिंग’ का म्हणायचे? आणि तरी तो एवढा मोठा खेळाडू कसा?

तुमचा प्रश्न असा आहे की कोबी ब्रायंटच्या क्लिप तुम्ही तासन्‌तास बघता, पण डंकनचे दहा मिनिटांचे हायलाइट्स लावले तर झोप आली. मग या माणसाला पाच विजेतेपदं मिळाली कशी?

झोप येणं साहजिक आहे. डंकनचा खेळ हायलाइट्समध्ये मावतच नाही, आणि ही तक्रार अमेरिकेतही त्याच्या सगळ्या कारकिर्दीभर चालू होती. मी लातूरला शाळेच्या मुलांना बास्केटबॉल शिकवतो. आमच्याकडे खो-खो आणि कबड्डीचं राज्य. बास्केटबॉलला मुलं येतात ती बहुतेक ‘उंची वाढते’ म्हणून आईवडिलांनी धाडलेली. त्यांना मोबाइलवर डंकन दाखवला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘‘सर, हा तर नुसता चालायलाय!’’ चालायलाय हे खरं आहे. पण चालत कुठे जातोय ते बघायचं असतं.

आधी माणूस कुठून आला ते थोडक्यात. डंकन अमेरिकेच्या ताब्यातल्या व्हर्जिन आयलंड्समधल्या सेंट क्रॉय बेटावरचा, जन्म 1976 चा. तो बास्केटबॉल खेळणारा मुलगा नव्हताच, पोहणारा होता. 400 मीटर फ्रीस्टाइल हा त्याचा प्रकार. मोठी बहीण ट्रिशिया 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये पोहून आली होती आणि याचीही तीच वाट ठरली होती. 1989 च्या सप्टेंबरात ह्यूगो नावाचं चक्रीवादळ आलं आणि बेटावरचा एकमेव ऑलिंपिक मापाचा तलाव उद्ध्वस्त झाला. समुद्रात सराव करायचा तर याला शार्कची भीती. पुढच्या एप्रिलमध्ये, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आई कर्करोगाने गेली. पोहणं तिथेच सुटलं. बास्केटबॉल त्याने त्यानंतर हातात धरला, तोही बहिणीच्या नवऱ्याच्या, म्हणजे दाजींच्या नादाने. दाजींनी त्याला बुटक्या गार्डसारखं (चेंडू खेळवत पुढे नेणारा खेळाडू) ड्रिबल आणि पास शिकवलं, कारण तेव्हा तो एवढा उंच होईल असं कुणाला वाटलंच नव्हतं. पुढे तो 6 फूट 11 इंच झाला, पण हातातली ती सफाई राहिली.

वेक फॉरेस्ट विद्यापीठात तो पूर्ण चार वर्षं राहिला. दोन वर्षांनी बाहेर पडला असता तरी एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, कोट्यवधी डॉलर मिळाले असते. पण शिक्षण पुरं करण्याचा शब्द आईला दिलेला होता. मानसशास्त्राची पदवी घेतली आणि 1997 च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) पहिल्या क्रमांकावर सॅन अँटोनियो स्पर्सने त्याला उचललं. त्याआधीच्या हंगामात स्पर्सने 82 पैकी 20 सामने जिंकले होते. डंकनच्या पहिल्या हंगामात 56 जिंकले. त्यात दुखापतीतून परतलेल्या डेव्हिड रॉबिन्सनचा वाटाही मोठा होता, ते विसरू नका. 1999 ला पहिलं विजेतेपद, मग 2003, 2005, 2007 आणि सात वर्षांच्या खंडानंतर 2014. एकोणीस हंगाम, एकच संघ, आणि त्या एकोणीसपैकी एकाही वर्षी स्पर्सचं प्लेऑफ, म्हणजे हंगामाच्या शेवटची बाद फेरी, चुकलं नाही. 2002 आणि 2003 ला लागोपाठ तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एकूण 26,496 गुण, 15,091 रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू मिळवणं). आकडे इथेच सोडतो, ते कुठेही मिळतील.

आता मुद्द्याचं. त्याचं सगळ्यात गाजलेलं हत्यार म्हणजे बोर्डवर, रिंगमागच्या फळीवर, मारून टाकलेला शॉट. रिंगच्या डावीकडे, साधारण 45 अंशांच्या कोनात उभं राहायचं, बचाव करणाऱ्याकडे तोंड करायचं, एक पाय किंचित पुढे टाकून त्याला मागे सरकायला लावायचं आणि बोर्डवरच्या आतल्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यावर चेंडू लावायचा. ही चौकट 59 बाय 45 सेंटीमीटरची असते आणि ती शोभेसाठी काढलेली नसते. त्या कोनातून बोर्ड चेंडूचा वेग खातो आणि थोडा जोर जास्त झाला तरी चेंडू रिंगमध्येच उतरतो. थेट रिंगवर मारताना ही सूट मिळत नाही. एनबीएमधल्या पोरांनी हा शॉट केव्हाच सोडून दिला होता, कारण दिसायला तो शाळकरी दिसतो. डंकन तोच शॉट एकोणीस वर्षं मारत राहिला. पुढच्याला माहीत असायचं की आता तो हेच करणार, तरी थांबवता यायचं नाही. त्याचा प्रतिस्पर्धी शकील ओनीलने त्याला ‘बिग फंडामेंटल’ हे नाव दिलं ते यासाठीच.

(आमच्या मैदानावरचा बोर्ड प्लायवुडचा आहे, पावसाळ्यात फुगतो आणि चेंडू मेल्यासारखा खाली पडतो. तरी मुलांना हा शॉट लवकर जमतो. उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबायला, म्हणजे डंक मारायला, लातुरात मला अजून कुणी सापडायचंय.)

दुसरी गोष्ट बचावाची. त्याच्या नावावर 3,020 ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं) आहेत, पण त्यातला एखादाच तुम्हाला थरारक वाटेल. प्रेक्षकांत चेंडू भिरकावणारा ब्लॉक दिसायला जबरदस्त, पण चेंडू बाहेर गेला की तो परत समोरच्याच संघाकडे जातो. डंकन चेंडू नुसता थोपटायचा, आपल्याच माणसाच्या हातात पडेल असा. पंधरा वेळा त्याची लीगच्या सर्वोत्तम बचाव संघांत निवड झाली. आणि वर्षातला सर्वोत्तम बचावपटू हा पुरस्कार? एकदाही नाही. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात बोलका पुरस्कार हाच, न मिळालेला.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्यात फारशी येत नाही आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. स्पर्सचे तेव्हाचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच खेळाडूंवर ओरडण्यासाठी प्रसिद्ध होते. ते सगळ्यांत मोठ्या खेळाडूवर, डंकनवरही तसेच ओरडायचे आणि तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. शिकवणाऱ्याला यातली किंमत कळते. संघातला सगळ्यात चांगला पोरगा बोलणी खाऊन गुपचूप बचावाला पळाला, की बाराव्या खेळाडूला रुसायला जागाच उरत नाही. आणि तो उलटून बोलला, तर त्या दिवशीचा सराव संपला म्हणून समजा. टोनी पार्कर फ्रान्सहून आलेला, मनू जिनोबिली अर्जेंटिनाहून. असे वेगवेगळ्या मुलखांतले खेळाडू एका शिस्तीत बसले त्यामागे हे होतं. पैशाच्या बाबतीतही तसंच. आधीच्या हंगामात दोन कोटींहून जास्त डॉलर घेणाऱ्या डंकनने 2012 ला तीन वर्षांसाठी मिळून तीन कोटींचा करार केला, म्हणजे वर्षाला जवळपास निम्मा. त्यामुळे संघाला बाकीचे खेळाडू सांभाळता आले.

म्हणून तो अगदीच दगड होता असं नाही. 2007 मध्ये डॅलसविरुद्ध बाकावर बसून हसला म्हणून एका पंचाने त्याला मैदानाबाहेर काढलं होतं! लीगने नंतर त्या पंचालाच उरलेल्या हंगामासाठी घरी बसवलं. आणि 2012 ला पोपोविचनी त्याला एका सामन्यात विश्रांती दिली तेव्हा अधिकृत नोंदीत ‘खेळला नाही’ याचं कारण ‘म्हातारा’ असं छापून आलं.

कारकीर्द नुसती विजयाची समजू नका. 2011 ला पहिल्या मानांकनावर असून आठव्या मानांकनाच्या मेम्फिसने पहिल्याच फेरीत घरी पाठवलं, तेव्हा स्पर्स संपले असंच सगळे म्हणत होते. आणि 2013 तर विचारूच नका. मायामीविरुद्ध अंतिम मालिका, स्पर्स 3-2 ने पुढे. सहाव्या सामन्यात 28 सेकंद उरले असताना पाच गुणांची आघाडी. 37 वर्षांच्या डंकनने पहिल्या अर्ध्या सामन्यातच 25 गुण केलेले. ती आघाडी तीनवर आली. शेवटच्या क्षणी मायामीला थ्री-पॉइंटर (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) लागणार हे उघड होतं, म्हणून पोपोविचनी चपळ खेळाडू ठेवून डंकनला बाकावर बसवलं. मायामीच्या लेब्रॉन जेम्सचा नेम चुकला. रिबाउंड मायामीच्याच ख्रिस बॉशने घेतला, जिथे डंकन असायला हवा होता तिथे. त्याने चेंडू कोपऱ्यात रे ॲलनकडे दिला आणि 5.2 सेकंद असताना बरोबरी झाली. जादा वेळेत सामना गेला. आपल्याकडे तेव्हा सकाळ झालेली असते. असा सामना बघून शाळेत जायचं म्हणजे शिक्षाच.

तो निर्णय चुकला असं आजही म्हणतात. मला तसं वाटत नाही. थ्री-पॉइंटर अडवायला उंच सेंटर (रिंगपाशी खेळणारा खेळाडू) बाहेर ठेवणं ही तेव्हाची रीतच होती आणि पोपोविच त्या हंगामात तसंच करत होते. सातव्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला, संघ दोन गुणांनी मागे असताना, रिंगपाशी डंकनचा सोपा शॉट हुकला. बरोबरीचा तोच होता. त्याने वाकून दोन्ही हातांनी जमिनीवर चापट मारली. एवढ्या वर्षांत त्याचा राग मी बघितला तो एवढाच. पुढच्या वर्षी तोच संघ, तोच प्रतिस्पर्धी, आणि स्पर्सने मायामीला 4-1 ने धुतलं.

2016 मध्ये कोबी आणि डंकन दोघंही थांबले. कोबीचा हंगामभर निरोप सोहळा चालला आणि शेवटच्या सामन्यात त्याने 60 गुण केले. डंकनच्या निवृत्तीचं 11 जुलैला संघाने एक पत्रक काढलं. तो स्वतः पत्रकार परिषदेलाही आला नाही. दुसऱ्या दिवशी पोपोविच मात्र त्याच्या चेहऱ्याचा टी-शर्ट घालून बोलायला उभे राहिले. प्रसिद्धीचा फरक तुम्हाला इथेच दिसेल: एकाला गोष्ट सांगता येत होती, दुसऱ्याला ती सांगायचीच नव्हती. 2017 ला व्हर्जिन आयलंड्सवर पुन्हा मोठं वादळ आलं तेव्हा मात्र तो स्वतः पुढे झाला, पैसे उभे केले आणि अन्नधान्य घेऊन बेटावर गेला. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, कोबी आणि केव्हिन गार्नेटसोबत एकाच वर्गात त्याचं नाव लागलं.

आता तुम्ही काय बघायचं ते सांगतो. हायलाइट्स सोडा. 2003 च्या अंतिम मालिकेतला सहावा सामना पूर्ण मिळवा, न्यू जर्सी नेट्सविरुद्धचा. डंकनचे 21 गुण, 20 रिबाउंड, 10 असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याने गुण केला असा पास), 8 ब्लॉक. शेवटच्या क्वार्टरमध्ये स्पर्स नऊ गुणांनी मागे पडतात आणि मग लागोपाठ 19 गुण करतात, समोरच्याला एकही न देता. त्या टप्प्यात चेंडूकडे बघू नका, 21 नंबरची जर्सी घातलेल्या डंकनच्या पायांकडे बघा. दोन-दोन माणसं अंगावर आली की तो चेंडू कुणाला देतो आणि दिल्यानंतर कुठे जाऊन उभा राहतो, तेवढंच बघा.