पैसे देऊन सिबिल ‘साफ’ होतं का?

कर्ज नाकारलं गेलं की माणसं आधी लाजतात, मग घाई करतात. या दोन्हींच्या मध्ये त्यांना एजंट गाठतो. ‘सिबिल साफ करून देतो म्हणतोय, पैसे देऊ का?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो. (सिबिल म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी; तिच्या रिपोर्टवरचा स्कोअर बँका कर्ज देताना पाहतात.)

एका तरुणाने ते देऊन टाकले होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) एजंट म्हणाला, ‘आमची आत ओळख आहे, पंधरा दिवसांत स्कोअर साडेसातशेच्या वर नेतो.’ त्याने निम्मी फी आगाऊ घेतली, पॅन-आधारच्या प्रती घेतल्या, आणि ओटीपी विचारून याच्या नावाने सिबिलच्या साइटवर लॉग-इन केलं. काही दिवसांनी रिपोर्टचा स्क्रीनशॉट पाठवला. थकबाकीच्या नोंदीपुढे ती वादात असल्याचा शेरा होता. काम झालं समजून याने उरलेली फीही भरली. खरं तर तो शेरा तक्रार नोंदवली की पडतोच, आणि ती तक्रार कुणालाही फुकट करता येते. बँकेने ‘नोंद बरोबर आहे’ असं कळवलं, शेरा गेला, थकबाकी तशीच राहिली. एजंटचा फोन तेव्हापासून बंद.

मी त्याला म्हटलं, ‘तुम्ही स्वतः रिपोर्ट नीट वाचलाय का?’ वाचला नव्हता. भीतीच वाटत होती.

सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आपला रिपोर्ट आपणच पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. आम्ही एकेक ओळ वाचली. एक वस्तूकर्ज त्याचं नव्हतंच. एक क्रेडिट कार्ड ‘सेटल्ड’, म्हणजे कमी रकमेत तडजोड करून मिटवलेलं, दिसत होतं. आणि काही हप्ते खरोखरच उशिरा गेले होते.

परक्या कर्जाची तक्रार त्याने स्वतः ऑनलाइन केली. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याच्या बाबतीत ती परकी नोंद रिपोर्टवरून काढली गेली.

कार्डाचं प्रकरण अवघड. तडजोडीत बँकेने सोडलेली रक्कम रिपोर्टवर सलत राहते. ती भरून एनओसी, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचं बँकेचं पत्र, घ्यायची आणि खातं ‘क्लोज्ड’ करवून घ्यायचं, हा सरळ मार्ग. त्याने तोच धरला. मात्र उशिरा भरलेले हप्ते खरे होते, आणि खरी नोंद कुणीही पुसू शकत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेने दुजोरा दिल्याशिवाय सिबिलसुद्धा आपल्या मनाने आकडा बदलत नाही. हे ऐकून तो फार निराश झाला. मला वाईट वाटलं, पण खोटी आशा त्याने एकदा विकत घेतलेलीच होती. आता हप्ते बँक खात्यातून आपोआप जातात, कार्ड मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत वापरतो, आणि नवे कर्जअर्ज थांबवलेत, कारण नकारानंतर घाईने केलेल्या अर्जांच्या चौकशाही रिपोर्टवर उमटल्या होत्या. स्कोअर हळूहळू चढतोय. गृहकर्ज अजून मिळालेलं नाही.

तुम्हीही ओटीपी किंवा कागदपत्रं देऊन बसला असाल तर आजच पासवर्ड बदला, खात्याला जोडलेला मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे ना ते पाहा, फसवणुकीची तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर नोंदवा. पुढचे काही महिने चारही रिपोर्टवर तुमच्या नावाने नवं कर्ज निघालेलं नाही ना, यावर लक्ष ठेवा.