म्युझियम फुकट आहे हो ताई, मग घाई कशाची?

प्रश्न : सर, नमस्कार. मी अमळनेरकडच्या एका कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. सप्टेंबर ते डिसेंबर लंडनला एका युनिव्हर्सिटीत शिकवायला जातेय, एकटीच, मिस्टर आणि मुलगा इथेच राहणार. तुम्हीपण तिकडे एक सेमिस्टर शिकवून आलात असं मागे लिहिलं होतं म्हणून विचारते. मला नाटकाचं वेड आहे, म्युझियमचंही थोडंफार. एक्सेलमध्ये ३१ म्युझियम आणि १४ नाटकांची यादी केलीय, तारखांसकट. मिस्टर म्हणतात, शिकवायला चाललीयेस की उंडारायला? तिकिटं परवडतील का, एकटीनं रात्री नाटकाला जाणं बरं दिसतं का, आणि यादीत काय राहिलं असेल ते सांगाल का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, आधी ती एक्सेलची शीट डिलीट करा, मग बोलू.

मीही अशीच यादी केली होती, वहीत, लाल पेनाने. पहिल्याच शनिवारी सकाळी दहाला ब्रिटिश म्युझियममध्ये घुसलो ते पाचला बाहेर काढेपर्यंत फिरलो, इजिप्त झालं, ग्रीस झालं, असिरिया झालं, दुपारनंतर तर मी वस्तू बघतच नव्हतो, बसायला बाक कुठे आहे ते बघत होतो. रात्री बायकोने फोनवर विचारलं काय काय पाहिलं, तर इजिप्तच्या रोझेटा स्टोन नावाच्या कोरीव शिळेसमोरची गर्दी सोडून काही आठवेना. टाचेला फोड मात्र दोन.

टूरवाल्यांचं ठीक आहे, त्यांना चार दिवसांत सगळं उरकायचं असतं आणि वर फोटोही काढायचे असतात. तुमच्याकडे तीन महिने आहेत. आणि तिथली मोठी म्युझियम, म्हणजे ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (सगळे व्ही अँड ए म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा), नॅशनल गॅलरी, यांच्या कायमच्या दालनांना तिकीटच नाही. स्पेशल प्रदर्शनाला पैसे लागतात तेवढे सोडा. मग एकाच दिवसात सगळं कशाला बघायचं? आपण आठवडे बाजारात जातो ते सगळा बाजार विकत घ्यायला जातो का, भरताची वांगी घ्यायला जातो, चांगली मिळाली की पिशवी उचलून घरी. तसंच करा, एका वेळी एक दालन, फार तर पाऊण तास, आणि डोळे थकायच्या आत बाहेर. शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम रात्री साडेआठपर्यंत आणि व्ही अँड ए दहापर्यंत उघडं असतं, म्हणजे लेक्चर आटोपून आरामात जाता येतं आणि तोवर शाळांच्या सहलीही गेलेल्या असतात. फक्त चाकाची बॅग घेऊन जाऊ नका, ब्रिटिश म्युझियमच्या दारातूनच परत पाठवतात, मला पाठवलंय.

आपलं काय बघाल तर ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत, त्यांना वेगळी काचेची खोली आहे, तिथे गर्दी जवळजवळ नसते. व्ही अँड एमध्ये टिपू सुलतानाचा लाकडी वाघ, खाली पाडलेल्या साहेबाच्या मानेला तोंड लावलेला, पोटात बाजाची पेटी आहे आणि बाहेर दांडा, दांडा फिरवला की साहेबाचा हात हलतो आणि विव्हळल्यासारखा आवाज येतो. आता कुणाला फिरवू देत नाहीत, पण बाजूला उभं राहून पोरांची तोंडं बघा, मजा येते. वाघनखं बघायला म्हणून मात्र तिकडे जाऊ नका, ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली. आणि ती शिवाजी महाराजांचीच का, हे सिद्ध झालेलं नाही असं व्ही अँड ए स्वतःच म्हणतं, हे सांगितलं की माझ्याशी भांडतात लोक, असो.

आता खरी गोष्ट. व्ही अँड एमध्ये अजिंठा आहे. म्हणजे अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला. मुंबईच्या आर्ट स्कूलचे ग्रिफिथ्स साहेब आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत हंगामा-हंगामाने लेण्यांत जात आणि कॅनव्हासवर चित्रं उतरवून घेत, ती लंडनला पाठवली आणि तिथे १८८५ मध्ये आग लागून शंभरावर जळाली. उरलेली तिथे आहेत, पण दालनात नेहमी लावलेली नसतात, त्यामुळे जायच्या काही आठवडे आधी मेल करून विचारा की बघायला मिळतील का. मी न विचारता गेलो आणि काउंटरवरच्या मुलीला सांगत बसलो की बाई, अजिंठा आमच्या जळगावहून एसटीने दीड-दोन तासांवर आहे, तिने ऐकून घेतलं बिचारीने, पण चित्रं काही दिसली नाहीत.

तिथेच मला कळलं की ग्रिफिथ्सच्या आधीही एकाने हे केलं होतं. मेजर रॉबर्ट गिल, मद्रास आर्मीतला. १८४४ पासून त्याने अजिंठ्यात बसून मोठाल्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या, वर्षानुवर्षं, उन्हाळे, ताप, मधमाश्या, सगळं सोसून. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेस नावाच्या काचेच्या प्रदर्शनगृहात मांडल्या आणि १८६६ मध्ये तिथे आग लागून चार-पाच सोडून सगळ्या गेल्या. दोन माणसांची कामं, दोन्हींना लंडनमध्येच आग. हा गिल १८७९ मध्ये वारला आणि पुरला कुठे, तर भुसावळला! मी भुसावळला आयुष्यात शेकडो वेळा गाडी बदललीय, प्लॅटफॉर्मवर चहा पिऊन डुलक्या काढल्यात, पण हे मला सहा-सात हजार किलोमीटर लांब जाऊन कळलं. दुसऱ्या दिवशी लेक्चरला विषय सोडून वीस मिनिटं हेच सांगितलं. पोरं एरवी मागे बसून मोबाइल बघायची, त्या दिवशी नकाशा काढायला लावला मला फळ्यावर, तापी, वाघूर, जळगाव, भुसावळ.

मिस्टरांचं म्हणणं राहिलं की. तुमचा विषय स्टॅटिस्टिक्स ना, मग लंडनच्या सोहो भागात ब्रॉडविक स्ट्रीटवर एक हातपंप उभा आहे, दांडा नसलेला. १८५४ मध्ये तिथे कॉलरा आला तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने घरोघरी किती मेले ते मोजून दाखवलं की बहुतेक मृत्यू या एका पंपाभोवती आहेत, पंपाचा दांडा काढायला लावला, आणि मग ते सगळं नकाशावर मांडलं. आत्ताचा पंप ही प्रतिकृती आहे, पण जागा तीच, पोरांना घेऊन जा आणि लेक्चर तिथेच घ्या. नदीपलीकडे सेंट थॉमस हॉस्पिटलच्या आवारात फ्लोरेन्स नाइटिंगेलचं छोटं म्युझियम आहे, त्याला तिकीट आहे, पण सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले हे आकृती काढून सरकारला पटवणारी बाई ती, तुमच्याच जातकुळीतली. मिस्टरांना या दोन्हींचे फोटो पाठवा आणि खाली लिहा, ऑन ड्युटी. गंमत अशी की सोहोतून पाच-दहा मिनिटं चाललं की शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यू, तिथे थिएटरांची रांगच आहे, पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

नाटकांचं आता. बुधवारी दुपारी तिकडच्या बऱ्याच युनिव्हर्सिट्या खेळांसाठी लेक्चर ठेवत नाहीत, आणि वेस्ट एंडमधल्या, म्हणजे लंडनच्या थिएटरांच्या भागातल्या, पुष्कळ नाटकांचे दुपारचे प्रयोग बुधवारी नाहीतर गुरुवारी असतात. टाइमटेबल ठरताना हे ध्यानात ठेवून गोड बोला. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, खोलीत बसून उदास वाटतं हो फार, त्यापेक्षा थिएटर बरं, निदान ऊब असते.

तिकिटं महाग आहेत, खोटं कशाला बोलू, पण स्वस्तातलीही आहेत. लेस्टर स्क्वेअरमध्ये टीकेटीएस नावाची खिडकी आहे, तिथे त्या दिवसाची वगैरे तिकिटं कमी भावात मिळतात. ग्लोब थिएटरला, म्हणजे शेक्सपिअरच्या काळातल्यासारखं परत बांधलंय ना ते, १९९७ मध्ये सुरू झालं, तिथे अंगणात ७०० माणसं उभी राहू शकतात आणि उभ्याचं तिकीट ५ पौंडांपासून असतं. वर छप्पर नाही, पाऊस आला तर भिजायचं, छत्री उघडू देत नाहीत, खाली बसूही देत नाहीत. तमाशाला रात्रभर उभं राहिलेल्या माणसाला तीन तासांचं काय कौतुक! उघड्यावरचा हंगाम थंडी पडली की संपतो, म्हणून गेल्या गेल्या पहिल्या पंधरवड्यातच जाऊन या.

एक चूक माझ्यासारखी करू नका. तिकिटावर रिस्ट्रिक्टेड व्ह्यू लिहिलेलं होतं, मी म्हटलं थोडंसं काही दिसणार नसेल, काय बिघडतं. माझ्या नि रंगमंचाच्या मध्ये लोखंडी खांब होता. नायिका डावीकडे गेली की मी डावीकडे झुकायचो, उजवीकडे गेली की उजवीकडे, शेजारच्या आजीबाईंना वाटलं मला काहीतरी होतंय, त्यांनी पर्समधून गोळी काढून दिली. आणि दुसरं, वेळ. आपल्याकडे तिसरी घंटा होईस्तोवर बाहेर वडा खात उभे असतो, मग पडदा वर गेल्यावर अंधारात पाय तुडवत शिरतो. तिकडे दोन मिनिटं उशीर झाला तर दार बंद. एकदा मी पहिला सगळा अंक बाहेर पॅसेजमध्ये छोट्या टीव्हीवर पाहिला, आवाज नव्हता त्याला. मध्यंतरात वडा नाहीच, आइस्क्रीमची छोटी डबी विकतात, चमचा झाकणातच लपवलेला असतो, मी पहिल्या दिवशी बोटाने खाल्लं.

एकटीनं जाणं? ताई, दुपारच्या खेळाला निम्म्या आज्या एकट्याच येतात, सुडोकूचं पुस्तक घेऊन. कुणी बघत नाही. रात्रीचे प्रयोग साडेसातच्या आसपास सुरू होऊन दहाच्या आगेमागे सुटतात आणि तेव्हा रस्त्यावर जत्रेएवढी माणसं असतात, रूम मात्र स्टेशनच्या जवळची घ्या. आणि पौंडाचा रुपयात गुणाकार पहिले दोन आठवडेच करा, पुढे केलात तर चहासुद्धा घशाखाली उतरणार नाही.

प्रश्न : सर, मीपण जानेवारीत जातोय बाहेर शिकवायला, पण माझं इंग्रजी वाचायचं आहे, ऐकायचं नाही. नाटक कळेल का? हसायच्या जागी मी एकटाच गप्प बसलेला दिसेन अशी भीती वाटते.
– शहादा

उत्तर : मीही बसलोय गप्प, आणि चुकीच्या ठिकाणी हसलोयही, ते जास्त वाईट. उपाय आहे. बरीच थिएटरं काही ठरावीक प्रयोग कॅप्शनवाले ठेवतात, रंगमंचाच्या बाजूला स्क्रीनवर संवाद उमटत जातात. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी ते असतं, पण तिकीट कुणीही काढू शकतं, वेबसाइटवर कॅप्शन्ड शब्द शोधा. शेक्सपिअर असेल तर गोष्ट आधी वाचून जा, लाजायचं काय त्यात, हॅम्लेट आगरकरांनी १८८३ मध्येच मराठीत आणून ठेवलाय, 'विकारविलसित' या नावाने.

आणि जानेवारीत लंडनलाच असाल तर पँटोमाइम बघाच, पँटो म्हणतात, नाताळच्या सुमारास सुरू होतं ते जानेवारीत काही दिवस चालतं. नावावरून मूकनाट्य वाटेल, पण नुसता आरडाओरडा असतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्चीतून उठलोच, कारण समोर आपली गवळणीतली मावशी! दाढी केलेला धिप्पाड बाप्या, फुग्याएवढी छाती, भडक झगा, डेम म्हणतात तिला, आणि ती पहिल्या रांगेतल्या एका टकल्या गृहस्थाला धरून शेवटपर्यंत छळते, आपल्याकडे पाटलाला छळतात तसं. खलनायक मागून आला की सगळं थिएटर ओरडतं, मागे बघ, मागे बघ! पोरं, आजोबा, सगळे. इंग्रजी दहा टक्के कळलं तरी चालतं. मी तर एकदा सवयीने शिट्टी मारली, कुणी काही बोललं नाही.

प्रश्न : तुम्ही नेहमी लंडन-बिंडन सांगता. आम्ही चाळीसगावचे, आम्हाला पासपोर्टही नाही. आमच्यासाठी काय?
– चाळीसगाव

उत्तर : बरोबर बोललात भाऊ. लंडनला सर जॉन सोन नावाच्या आर्किटेक्टचं घर आहे, तो १८३७ मध्ये वारला, घर तसंच्या तसं ठेवलंय, लोक लांबून लांबून येतात, मीही गेलो. आणि तुमच्या चाळीसगावात स्टेशनच्या जवळच केकी मूस यांचं घर आहे. विलायतेत कला शिकून आलेला हा माणूस परत येऊन त्या घरात जो बसला तो पुढची जवळपास पन्नास वर्षं जवळजवळ बाहेर पडलाच नाही, टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून असे फोटो काढायचा की खरी दृश्यं वाटावीत. १९८९ मध्ये गेले. गावातले अजून सांगतात की मुंबईहून येणाऱ्या रात्रीच्या मेलच्या वेळी ते दार उघडून कुणाची तरी वाट बघायचे. मी चाळीसगावला चार लग्नांना आलो आणि चारही वेळा जेवून परत गेलो, तेव्हा माझंही तोंड नाही बोलायला. तुम्ही जा, उघडं कधी असतं ते आधी विचारून जा, आणि कसं वाटलं ते मला लिहा.