तानपुरा ज्यात खरा वाटेल, तो हेडफोन घ्या

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही नागपूरच्या लक्ष्मीनगरला राहता. ऐकणं मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत, मधूनमधून पाश्चात्त्य सिम्फनी आणि जुनी हिंदी गाणी. वडिलांनी आकाशवाणीवरून आणि घरगुती बैठकांतून भरलेल्या शंभरावर कॅसेट तुम्ही संगणकावर उतरवल्या आहेत. दीड लाखापर्यंत खर्च करायची तयारी आहे, आणि सेनहायझर एचडी ८०० एस, हायफायमन आर्या आणि फोकल क्लिअर या तिघांत मन अडकलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या तिघांपैकी एकही आत्ता घेऊ नका. सेनहायझरचाच एचडी ६५० घ्या, आणि वाचलेल्या पैशातले थोडे त्या कॅसेट पुन्हा नीट उतरवण्यावर घाला. एचडी ८०० एस मी स्वतः सहा वर्षं वापरतो आहे. मोठ्या योग्यतेचा हेडफोन आहे तो, आणि तरीही मी हे म्हणतो आहे. म्हणून कारण नीट सांगायला हवं, ते थोडं लांबेल.

वडिलांच्या कॅसेटचा तुम्ही ज्याला खजिना म्हणता तो जवळजवळ सगळा मोनो आहे, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज; स्टिरिओत दोन कानांना दोन वेगळे आवाज असतात. आकाशवाणीची जुनी ध्वनिमुद्रणं मोनो, बैठकीत एका मायक्रोफोनवर घेतलेलं मोनो, जुन्या एलपींवरून भरलेलं तेही बहुतेक मोनो. मोनो आवाज हेडफोनमध्ये डोक्याच्या बरोबर मधोमध बसतो. गवई, तबला, सारंगी, तानपुरे, सगळे एकाच जागी. एचडी ८०० एसची सगळी कीर्ती त्याच्या विस्तारासाठी आहे. ५६ मिलिमीटरचा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग), तो कानापासून दूर आणि तिरका बसवलेला, त्यामुळे आवाज कानाला चिकटत नाही, समोर आणि बाजूला पसरतो. मोठ्या वाद्यवृंदाची स्टिरिओ सीडी लावा, डावीकडचे व्हायोलिन, मागची फुंकवाद्यं, उजवीकडचे चेलो अशी बसण्याची रचना ऐकू येते. तिथे मला त्याच्या तोडीचा दुसरा सापडला नाही. पण मोनो ध्वनिमुद्रणात पसरवायला काही नसतंच. म्हणजे तुम्ही ज्या गुणाचे पैसे मोजणार, तो गुण तुमच्या ऐकण्यात दहातल्या आठ वेळा झोपून राहणार.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. २००९ साली आलेल्या मूळ एचडी ८०० मध्ये ६ किलोहर्ट्झच्या आसपास एक उंचवटा होता. नंतरच्या एस आवृत्तीत तो शोषून घेण्याची सोय केली आणि बराच फरक पडला, पण स्वभाव उजळच राहिला. टेपची खरखर, 'स' आणि 'श'चा सिसकारा, जुन्या मायक्रोफोनचा कर्कशपणा हे सगळं त्याच्याच शेजारपाजारी राहतं. सिम्फनीत जो उजेड वाटतो, तोच कॅसेटवर सुईसारखा टोचतो.

आता तानपुऱ्याकडे येतो. माझ्याकडे काकांचा मिरजेचा तानपुरा आहे, काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला लावलेला. एका हिवाळ्यात रात्री, पंखेही बंद असताना, मी तो हातभर अंतरावरून मायक्रोफोनने टिपला आणि दोन-तीन हेडफोन शेजारी ठेवून आळीपाळीने ऐकत बसलो. मध्येच हेडफोन काढायचा, खरा तानपुरा छेडायचा, पुन्हा कानाला लावायचा. काळी एकचा षड्ज (सा) म्हणजे साधारण १३९ हर्ट्झ, आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. त्या खर्जातून न छेडता एक गंधार उमटतो, स्वयंभू गंधार म्हणतात तो. खर्जाच्या पाचपट, म्हणजे ३४६ हर्ट्झच्या जवळपास. तानपुरा सुरात असेल आणि जवारी (घोडीवरून तारेला मिळणारी झिणझिण) उघडी असेल तर तो गंधार इतका स्पष्ट येतो की कुणीतरी हळूच गुणगुणतंय असं वाटतं.

घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा असतो. तो केसभर पुढे सरकवला की तारेचा आवाज दबतो, केसभर मागे घेतला की नुसती झिणझिण होते, आणि मधे एक अशी जागा सापडते जिथे झिणझिण आणि गंधार एकमेकांत मुरतात. त्या रात्री माझ्या लक्षात आलं की हेडफोन बदलणं हे दोरा सरकवण्यासारखंच आहे. एचडी ८०० एसवर झिणझिण गंधारापासून सुटी होऊन वर तरंगत होती. छान वाटत होती, पण काकांच्या तानपुऱ्याची नव्हती. एचडी ६५० वर वरचा झगमगाट थोडा कमी होता, पण झिणझिणीच्या आत गंधार होता आणि खाली खर्जाची गाज होती. हेडफोन काढून तार छेडली तेव्हा कानाला धक्का बसला नाही. मला तरी ही परीक्षा कुठल्याही आलेखापेक्षा मोठी वाटते. तुमच्याकडे किंवा शेजारी कुणाकडे तानपुरा असेल तर हे जरूर करून बघा. ॲपमधला तानपुरा चालणार नाही, त्याचा मूळ आवाज आपल्या कानाला ठाऊक नसतो.

६५०ला पर्याय म्हणून त्याच घडणीचा एचडी ६०० आहे, दोघांतला फरक बारीक आहे. ६०० हा १९९७ चा, ६५० हा २००३ चा. ६५० जरा उबदार, आवाजाला भरीवपणा देणारा. ६०० जरा मोकळा, बायकांच्या आवाजाला आणि व्हायोलिनला थोडा जास्त न्याय देणारा. किशोरीताई आमोणकर जास्त ऐकत असाल तर ६०० घ्या, अमीर खाँसाहेब जास्त ऐकत असाल तर ६५०. खाँसाहेबांची मंद्रातली संथ बढत, तो सुराला टेकून राहणारा लगाव, ६५० वर छातीशी येतो. दोघांत एक उणीव सारखीच: साधारण ५० हर्ट्झच्या खाली आवाज उतरत जातो. डग्ग्याचा घुमारा ऐकू येतो, पण बैठकीत दोन हातांवर बसून तो जसा गादीतून अंगात येतो, तसा येत नाही.

ते सुख आर्या देतो. तो प्लेनर पद्धतीचा आहे, त्यात पातळ पडद्याच्या सगळ्या अंगावर वाहक तारांचं जाळं असतं आणि चुंबक त्याला सगळीकडून सारखाच हलवतात. म्हणून तळाचा आवाज शेवटपर्यंत सपाट राहतो. डग्ग्यावर मनगट दाबत नेलेली मींड आर्यावर ऐकली की बाकीचे हेडफोन अर्धं सांगत होते असं वाटतं. सतार-सरोदच्या जोडझाल्यातही तो सुटसुटीत आहे, कितीही तारा एकदम वाजोत, गर्दी होत नाही. पण वर तोही उजळ आहे, आणि वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. एचडी ६५० याच्या दोन-तृतीयांशही भरत नाही. विलंबित ख्याल तासभर चालतो, त्यात मान अवघडली की सम हातातून निसटते. वजनाचा विचार लोक खरेदीच्या दिवशी करत नाहीत, महिन्याने करतात.

फोकल क्लिअर तबल्याच्या माणसाचा हेडफोन आहे. चाटेवरचा 'ता' त्याच्यात असा येतो की बोट कुठे पडलं ते कळावं. नाट्यसंगीतातल्या जोरकस ताना, विशेषतः वसंतराव देशपांडेंच्या, त्याच्यावर ऐकताना अंगावर काटा येतो. इथे राहणाऱ्या कुणाला वसंतराव वेगळे सांगायला नकोत, सिव्हिल लाइन्सच्या सभागृहालाच त्यांचं नाव आहे. या तिघांत मनापासून आवडलेला विचाराल तर क्लिअर. पण विस्तार कमी, वजन साडेचारशे ग्रॅम, आणि इअरपॅड बदलायचे म्हटले की खिसा चांगलाच हलका होतो.

ॲम्प-डॅकवर (आवाज वाढवणारा ॲम्प आणि डिजिटल फायलीचा आवाज करणारा डॅक) फार वेळ घालवू नका. एचडी ६५०चा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) ३०० ओहम आहे म्हणून अनेकजण घाबरवतात. त्याच घडणीच्या ६००चं कंपनीचं माप १ व्होल्टला ९७ डेसिबल आहे, आणि फोनला किंवा संगणकाला लावायचे आजचे बरे छोटे डॉंगल २ व्होल्ट देतात, म्हणजे १०३. बहुतेक ऐकण्याला हे पुरतं. बैठकीची ध्वनिमुद्रणं फार हळू पातळीवर घेतलेली असतात, आलापात तर आणखीच, तेवढ्यासाठी एखादा साधा टेबलावरचा ॲम्प असावा. सोन्याच्या पिना आणि चांदीच्या केबल यांवर एक रुपयाही घालू नका.

पैसे घालायचे ते कॅसेटवर, आणि इथे मला तुमची खरी काळजी वाटते. तुम्ही लिहिलं आहे की फायली स्टिरिओ आहेत आणि 'खरखर दोन्ही कानांत फिरते'. मोनो कॅसेट स्टिरिओ डेकवर उतरवली की असंच होतं. आवाज दोन्ही बाजूंना सारखा असतो म्हणून मधे बसतो, खरखर मात्र दोन्ही बाजूंना वेगवेगळी असते म्हणून पसरते. दोन्ही बाजू एकत्र करून मोनो केल्या की सारखा असलेला आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि वेगवेगळी असलेली खरखर फक्त ३ ने. म्हणजे फुकटात ३ डेसिबल स्वच्छता मिळते, गाण्याला बोटही न लावता. खरखर काढण्याच्या सॉफ्टवेअरपेक्षा हे कितीतरी चांगलं. ती सॉफ्टवेअर जोरात चालवली की खरखरीबरोबर जवारीही पुसून नेतात. कुमारजींच्या (कुमार गंधर्वांच्या) दोन तुकड्यांमधला श्वास तसा पुसलेला मी ऐकला आहे, आणि फार वाईट वाटलं. त्यांच्या गाण्यात तो श्वास म्हणजे रचनेचा भाग आहे.

पण एकत्र करण्याआधी डेकच्या हेडचा कोन जुळलेला हवा. कॅसेटची फीत चार मिलिमीटरही रुंद नसते. हेड किंचित तिरका असेल तर डावी-उजवी बाजू क्षणाच्या छोट्या अंशाने मागेपुढे होते, आणि तसंच एकत्र केलं तर वरचे स्वरांश एकमेकांना मारतात. आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो. कॅसेट वाजत असताना मोनो करून ऐकायचं आणि स्क्रू अगदी पाव-पाव आटा फिरवायचा. जिथे तानपुरा सगळ्यात उघडा लागतो तिथे थांबायचं. हे प्रत्येक कॅसेटला वेगळं करावं लागतं, कारण ज्या डेकवर ती भरली गेली त्याचा कोन निराळा असतो. वेगही तपासा. एखादा गवई नेहमी काळी एकला गात असेल आणि तुमच्या फायलीत पांढरी दोन लागत असेल, तर फीत साधारण ६ टक्के जोरात धावते आहे. तशात आवाजाची जातच बदलते, आणि कुठलाच हेडफोन ती परत आणू शकत नाही.

मोनो ध्वनिमुद्रणाचा आणखी एक उपयोग आहे, तो नवा हेडफोन आल्या दिवशी करा. माझा पहिला महागडा हेडफोन आला तेव्हा गवई किंचित उजवीकडे बसलेला वाटायचा. आठवडाभर मी स्वतःच्या कानांना दोष दिला. मग हेडफोन उलटा घातला, तर गवई डावीकडे गेला. एक ड्रायव्हर दबका होता. विक्रेत्याने तीन आठवडे टोलवलं, शेवटी बदलून दिला. परतीची मुदत असेपर्यंत ही तपासणी उरकून घ्या.

जुन्या स्टिरिओ गाण्यांबद्दल एवढंच: त्यात वाद्यं एकदम एका कानात आणि गायक दुसऱ्यात असं अनेकदा असतं. अनेक प्लेअरमध्ये क्रॉसफीडची, म्हणजे एका कानाचा थोडा आवाज दुसऱ्या कानातही मिसळण्याची सोय असते, ती चालू ठेवा.

राहिला आपला उन्हाळा. हे सगळे हेडफोन ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडे आहेत, बाहेरचं सगळं आत येतं. मार्चपासून जूनपर्यंत घरात कूलर चालणार, आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तो बंद करून ऐकणं शक्यच नाही. मग माणूस कूलरच्या घरघरीवर मात करायला आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगितली आहे, आणि आवाज वाढला की ते तास झपाट्याने घटतात. तुम्ही रोज तीन-चार तास ऐकता, म्हणून आग्रहाने सांगतो: उन्हाळ्यापुरता एक क्लोज्ड हेडफोन जवळ ठेवा. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो पुरेसा आहे, त्याचे मखमली पॅड घामातही चिकटत नाहीत. चामड्यासारखे दिसणारे पॅड आपल्याकडे दोन उन्हाळ्यांत सोलपटतात. एचडी ६५०चे पॅड, केबल, जाळी सगळं सुटं मिळतं आणि घरीच बदलता येतं. १९९७ चा एचडी ६०० आजही नव्या पॅडवर चालवणारे लोक आहेत.

सिम्फनीचा भाग पुढे वाढला, तर वर्षभराने एचडी ८०० एसचा विचार जरूर करा. तोवर माझा ऐकून बघा. मी धरमपेठेत राहतो, संध्याकाळी घरी असतो. एचडी ६५०, ८०० एस आणि तानपुरा तिन्ही इथे आहेत, डेकही आहे. येताना फायली आणू नका. वडिलांच्या हातची, तुम्हाला सगळ्यात जवळची वाटणारी मूळ कॅसेट आणा. स्क्रू फिरवून आधी तिचा तानपुरा उघडू, मग हेडफोन लावू.