कंदीलपुष्पाचा पत्ता आणि मुलीचं नाव

प्रश्न : माझी मुलगी साताऱ्यात बी.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. सरांनी सगळ्या वर्गाला 'आयनॅचरलिस्ट' या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर खातं उघडून पठारावर, रानात दिसलेल्या झाडाझुडपांचे फोटो आणि नोंदी स्वतःच्या नावाने टाकायला सांगितल्यात. मी नको म्हणालो. मुलगी कुठं फिरते हे जगाला कशाला कळायला हवं? शिवाय मेहनत हिची आणि उचलणार दुसराच. मी काही जुन्या विचारांचा नाही, बारावीला ८९ टक्के पडले तेव्हा मीच गुणपत्रिका फेसबुकवर टाकली होती. पण हे गळी उतरत नाही. करिअरला याचा काही उपयोग तरी आहे का?
– एक पालक, कोरेगाव तालुका

उत्तर : गुणपत्रिकेपासूनच सुरुवात करते. तिच्यावर मुलीचं पूर्ण नाव, आईचं नाव आणि आसन क्रमांक असतो. आधी ती पोस्ट काढा, मग पुढचं वाचा. रागावू नका, निम्म्या महाराष्ट्राने हेच केलंय.

ठावठिकाण्याची तुमची काळजी मात्र अगदी रास्त आहे. अशा नोंदीत फोटोबरोबर तारीख, वेळ आणि जागा जाते. मोबाइलमधला फोटो जागा स्वतःच सांगून टाकतो. महिनाभराच्या नोंदी कोणी ओळीने पाहिल्या, तर ही मुलगी कोणत्या वारी कुठे असते हे त्याला सहज कळेल. सरांनी वर्गात हे सांगितलं असेल तर उत्तमच. नसेल तर मुलीने विचारावं.

पण यावरचा उपाय तिच्याच विषयात आहे. कंदीलपुष्प तिला माहीत असणार, आपल्याकडे खरपुडीही म्हणतात. सह्याद्रीत याच्या काही अशा जाती आहेत ज्या जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. त्याचा कंद खातात, त्यामुळे जागा कळली की कोणीतरी उकरून नेतं. म्हणून अशा वनस्पतीची नोंद सगळ्यांना दिसते, पण नेमकी जागा झाकलेली असते. आयनॅचरलिस्टवर जागेसाठी तीन पर्याय आहेत : उघडी, झाकलेली, खासगी. 'झाकलेली' निवडली की नकाशावरचा ठिपका सुमारे २० किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी भलतीकडेच पडतो आणि लोकांना नेमका दिवसही न दिसता फक्त महिना दिसतो. धोक्यात असलेल्या जातींना हे आपोआप लागू होतं, इतर नोंदींना आपण लावायचं. कंदासाठी केलेली सोय परसातल्या कुंडीलाही चालते आणि हॉस्टेलच्या कुंपणावरच्या वेलीलाही. माझी एक भर : पठारावर असताना तिथूनच नोंद टाकू नये, आठवड्याने टाकावी. झाड पळून जात नाही.

नावाचंही तसंच. खात्याला खरं नाव लागतंच असं नाही, टोपणनाव चालतं. सरांना ते टोपणनाव सांगितलं की गुण देण्याची अडचण राहत नाही. स्वतःचा फोटो, फोन, गाव यांची तिथे गरजच नाही. पुढे एम.एस्सी.ला अर्ज करताना वाटलं तर तिने खरं नाव लावावं. तो निर्णय तिचा. ती आता सज्ञान आहे.

आता चोरीचं. फोटो काढला त्या क्षणापासून त्याचा स्वामित्वहक्क तिचा, त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. इतरांनी तो कसा वापरावा हे ती परवान्यातून ठरवते. तिथला नेहमीचा परवाना म्हणतो, नाव देऊन वापरा, पण धंद्यासाठी नको. तरीही एखादा उचलेल, त्याची हमी कोणी देत नाही. पण तारखेसह जाहीर झालेली नोंद, लोकांना फक्त महिना दिसत असला तरी, हा तिच्या बाजूचा पुरावा असतो. कपाटातल्या वहीतून कोणी ढापलं तर दाखवायला काय उरतं? शिवाय इतर जाणकारांनी ओळख पक्की केलेल्या आणि तसा परवाना असलेल्या नोंदी 'जीबीआयएफ' या जैवविविधता-नोंदींच्या जागतिक साठ्यात जातात. तिथून जगभरचे संशोधक त्या घेतात. अपवाद एकच. ओळख लागत नाही आणि सरांनाही वेगळंच काही वाटतंय, असं झाड सापडलं तर आधी गप्प बसावं, सरांना दाखवावं, नियमात बसत असेल तर नमुना वाळवून ठेवावा. आंतरजालावर नंतर.

उपयोगाचं खरं सांगते. नुसत्या खात्यावर नोकरी मिळत नाही. गुण लागतात, पुढे 'नेट' ही पात्रता परीक्षा लागते. पण पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, पर्यावरण अहवाल करणारे सल्लागार आहेत, गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांचं काम आहे. या कामांना रानात झाड ओळखणारं माणूस हवं असतं, आणि ते गुणपत्रिकेवरून कळत नाही. दोन वर्षांच्या तीनशे नोंदींवरून कळतं. त्यातल्या चुकासुद्धा कामाच्या. अ‍ॅपने सुचवलेलं नाव डोळे झाकून ठोकलंय, की पान, फूल, फळ पाहून ठरवलंय, कोणी दुरुस्ती केल्यावर ही वाद घालते की पुन्हा निरखून बघते, हे सगळं तिथे दिसतं. मुलाखत घेणारी मी असते तर तेच आधी पाहिलं असतं.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. तिला 'ऑर्किड' (ORCID) क्रमांक काढायला सांगा. फुलाशी संबंध नाही. हा संशोधकांचा १६ अंकी मोफत क्रमांक, २०१२पासून मिळतो. आपल्याकडे कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, मधे वडिलांचं नाव, आणि एकाच नावाचे दहा जाधव. त्यात लग्नानंतर आडनाव बदललं, तर आधीचे शोधनिबंध कोणा वेगळ्याच बाईचे वाटतात. क्रमांक तोच राहिला की दोन्ही नावांखालचं काम एकत्र राहतं. यातली कोणती माहिती कोणाला दिसावी, हेही तिलाच ठरवता येतं. विद्यार्थ्यांना मिळणारा 'अपार'चा १२ अंकी ओळख क्रमांक मात्र वेगळा. तो कॉलेजच्या कामापुरता, कुठेही जाहीर टाकायचा नाही.

येत्या रविवारी खातं उघडताना तिच्याशेजारी बसा. पहिली नोंद बांधावरच्या आघाड्याची करू द्या, जागा झाकून. ओळख पक्की करणारं कोणीतरी, कुठल्यातरी देशातलं, बहुधा संध्याकाळपर्यंत येईलच.