एएफसी विंबल्डन हा इंग्लिश फुटबॉल क्लब म्हणजे १९८८ चा एफए कप (इंग्लंडमधली मानाची फुटबॉल स्पर्धा) जिंकणारा जुना विंबल्डनच का?

कागदोपत्री नाही, पण चाहत्यांच्या लेखी तोच. मे २००२ मध्ये एफएच्या, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या, आयोगाने जुन्या क्लबला लंडन सोडून सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला जायची परवानगी दिली. चिडलेल्या चाहत्यांनी काही आठवड्यांत स्वतःचा क्लब काढला, विंबल्डन कॉमनवर खेळाडूंच्या निवड चाचण्या घेतल्या आणि कंबाइंड काउंटीज लीगपासून, म्हणजे जवळपास तळापासून, सुरुवात केली. २०११ मध्ये लूटनला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून ते लीग टूमध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या स्तरावर, पोहोचले. नऊ वर्षांत! बहुसंख्य मालकी आजही चाहत्यांच्या ट्रस्टकडे आहे आणि २०२० पासून घरचं मैदानही पुन्हा प्लाउ लेनवर आहे, जुन्या क्लबच्या मैदानाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर.

मूळ क्लब मात्र २००४ मध्ये नाव बदलून एमके डॉन्स झाला. २००७ मध्ये त्यांनी जुन्या विजेतेपदांवरचा दावा सोडला आणि करंडकांच्या प्रतिकृती विंबल्डन ज्या भागात येतं त्या मर्टनकडे सोपवल्या. त्यामुळे लिव्हरपूलला १-० हरवून जिंकलेला तो कप नक्की कुणाचा, याचं उत्तर तुम्ही कुणाला विचारता यावर आहे. (प्लाउ लेनवर एमके डॉन्सचं कौतुक चुकूनही करू नका.)