मायक्रोवेव्हने डांबरी रस्त्याच्या भेगा पूर्ण सांधत नाहीत. वॉट वाढवावेत की स्टील वूल?

आपला प्रश्न असा आहे की डांबर-खडीच्या मिश्रणात स्टील वूल (पोलादाचे बारीक तंतू) घालून नमुने मायक्रोवेव्हमध्ये तापवले तरी भेगा अर्ध्यामुर्ध्याच सांधतात, तेव्हा वॉट वाढवावेत की तंतू. माझ्या मते दोन्ही नकोत. उष्णता भेगेपर्यंत सारखी पोहोचते का, ते आधी पाहावे.

सोलापुरात हेच प्रयोग करताना मीही प्रथम तंतूच वाढवले होते. भांडी घासायच्या तारेच्या घासणीतले लांब तंतू मिसळताना गुंतून त्यांचे गोळे झाले, आणि नमुना कापून पाहिला तेव्हा गोळ्याभोवतीचे डांबर करपून कोरडे पडले होते, तर दोन बोटांवरची भेग जशीच्या तशी होती. डांबर स्वतः मायक्रोवेव्ह लहरी फारशा शोषत नाही. तंतू आणि खडीतील लोहयुक्त खनिजे तापतात, त्यांच्या उष्णतेने डांबर पातळ होते आणि केशाकर्षणाने भेगेत उतरते. म्हणून तंतू आखूड व मोकळे हवेत. नेदरलँड्समध्ये ए-58 महामार्गावर 2010 साली स्टील वूल घातलेला जो पट्टा टाकला, तो इंडक्शनने, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्राने, तापवण्यासाठी होता, मायक्रोवेव्हने नव्हे. तिथले प्रमाण जसेच्या तसे उचलू नये. शिवाय आपली खडी काळ्या पाषाणाची आहे, त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असल्याने ती चुनखडीच्या खडीपेक्षा मुळातच जास्त तापते. बिनतंतूचा नमुना तापवून हे आपणच पडताळावे. मला तर तंतूंची गरज अपेक्षेपेक्षा कमी भासली.

घरगुती ओव्हनमधील 2.45 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर असते, त्यामुळे आत साधारण सहा-सहा सेंटिमीटरवर जास्त तापणाऱ्या जागा तयार होतात. नमुना फिरता ठेवावा, आणि सलग तापवण्याऐवजी 30-40 सेकंद तापवून मध्ये विश्रांती द्यावी, म्हणजे उष्णता पसरायला वेळ मिळतो आणि डांबर अति तापून कडक पडण्याचा धोका कमी होतो. भेगेत ओल असेल तर बरीच ऊर्जा पाणी तापवण्यातच जाते, तेव्हा नमुना आधी वाळवावा.

प्रत्यक्ष रस्त्याबाबत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मे महिन्यात इथल्या रस्त्याचा पृष्ठभाग 60 अंशांवर जातो, रस्त्यासाठीच्या व्हीजी-30 प्रतीच्या डांबराचा सॉफ्टनिंग पॉइंट (मऊ पडण्याचे तापमान) मात्र किमान 47 अंशच मागितलेला असतो. तरीही उसाच्या ट्रॉल्यांनी पडलेल्या जुन्या भेगा मिटत नाहीत, कारण त्यांत धूळ बसलेली असते आणि कडांचे डांबर हवेने कडक झालेले असते. अशा भेगेवर मायक्रोवेव्हही फारसे काही करू शकत नाही. उपचार केसासारखी भेग दिसताच व्हायला हवा.

आणि चाचणीसाठी भेग पाडायला नमुना मोडताना तो आधी उणे 20 अंशांपर्यंत गोठवावा. आमच्याकडे एप्रिलमध्ये तो मोडण्याऐवजी नुसता वाकत असे, आणि त्या वाकलेल्या नमुन्यांची आकडेवारी आम्हाला सगळी टाकून द्यावी लागली.