कृतज्ञतेची सवय लावतोयस ना, मग आधी एवढंच कर

सुरुवात केलीस हे भारी, पण आभार मानावेत अशा रोज दहा गोष्टी वहीत लिहायच्या हट्टाला पेटू नकोस, चार दिवसांत कंटाळशील. एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या 2003 च्या अभ्यासात एका गटाने आठवड्यातून एकदाच, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या होत्या, तेवढं पुरतं.

- नेमकं लिही. 'घरचे चांगले आहेत' नको, 'मला उशीर झाला तर बाबा जागे राहिले' असं.
- ज्याच्यामुळे झालं त्याला तोंडावर सांग, नुसतं वहीत ठेवून काय उपयोग! आधी ऑकवर्ड वाटेल, वाटू दे.
- प्रार्थनेत मागण्याआधी एक आभार.

आणि वाईट दिवशी ओढूनताणून आनंदी व्हायचं नाही हां, देवाशी भांडलास तरी चालतं. दुसऱ्याचं दुःख बघून 'मी किती लकी' हे तर अजिबातच नको, बाकीचं महिन्याभराने विचार.